एकाला पाणी कमी पडलं, एकीला जास्त झालं: एप्रिलमधल्या राजगड–तोरण्याची हकिकत

एप्रिलमध्ये राजगड–तोरणा एका दिवसात करायला गेलेल्या चौदा जणांच्या गटाचं हे प्रकरण. लीडर, बॅकलीड (गटाच्या शेवटी चालणारी सहकारी) आणि आजारी पडलेले दोघे यांच्याशी बोलून, रुग्णालयाचे कागद पाहून, सगळ्यांच्या संमतीने लिहिलं आहे. ओळख पटेल असे तपशील बदलले आहेत. एकाच दिवशी, एकाच उन्हात दोघांचं डोकं दुखलं, दोघांना मळमळलं, आणि दोघांची कारणं एकमेकांच्या अगदी उलट होती. उन्हाळी ट्रेक नेणाऱ्यांनी हे वाचावं असं मला वाटतं ते यासाठी.

## पार्श्वभूमी

राजगडाच्या संजीवनी माचीवरून आळू दरवाजाने बाहेर पडलं की जी धार लागते ती थेट तोरण्याच्या बुधला माचीखाली नेऊन सोडते. दोन्ही गड १,४०० मीटरच्या आसपासचे. मध्ये एके ठिकाणी डांबरी रस्ता ही धार कापतो. पावसाळ्यानंतर ही वाट म्हणजे सुख. मार्चनंतर गवत वाळलेलं, कारवी काड्यांसारखी, आणि सावली मोजक्या झाडोऱ्यात. पाण्याचा खात्रीचा साठा राजगडावर पद्मावती माचीजवळ आणि त्यानंतर एकदम तोरण्यावर. सुट्टीच्या दिवशी वाटेत कोणी ताक-सरबत घेऊन बसलेलं भेटतं, पण भेटेलच असं धरून निघता येत नाही.

लीडर अनुभवी होता आणि आखणीही वाईट नव्हती. रात्री राजगडाच्या पायथ्याला गुंजवण्यात मुक्काम, पहाटे चारला चढाई, दहाच्या आत डांबरी रस्ता, दोनपर्यंत तोरणा, संध्याकाळी तोरण्याच्या पायथ्याला वेल्ह्यात. रस्त्यावर पाण्याचे दोन जार घेऊन जीप येणार, म्हणजे सकाळीच सगळं पाणी पाठीवर वाहायला नको. दोन दिवस आधी व्हॉट्सॲपवर सूचना गेली होती: प्रत्येकी चार लिटर पाणी प्यायचंच, दर पंधरा मिनिटांनी दोन-चार घोट, तहान लागायची वाट बघायची नाही.

आपल्याकडे बहुतेक ग्रुपच्या सूचना थोड्याफार फरकाने अशाच असतात. या प्रकरणात ती सूचना दोघांनी कशी घेतली ते पाहण्यासारखं आहे.

पहिला, कॉलेजातला बावीस वर्षांचा मुलगा. वजन ७८ किलो, चालीला जोरदार, पाठीवर स्वतःच्या सामानाशिवाय ग्रुपचा दोर आणि खाऊची पिशवी. सूचना त्याने वाचली होती आणि सोडून दिली होती. त्याच्याकडे एक लिटरची एक बाटली आणि कोल्ड्रिंकची अर्ध्या लिटरची एक. दुसऱ्या, बँकेत नोकरी करणाऱ्या ४६ वर्षांच्या ताई. वजन जेमतेम ५० किलो, चाल संथ, सगळं वेळेवर आणि सांगितल्याप्रमाणे करणाऱ्या. त्यांच्याकडे तीन लिटरची, नळीने प्यायची हायड्रेशन बॅग होती आणि हातातल्या घड्याळात दर पंधरा मिनिटांचा गजर लावलेला होता. गुडघा दुखू नये म्हणून निघण्यापूर्वी त्यांनी आयब्युप्रोफेनची एक गोळी घेतली होती. ती कोणाला सांगितली नव्हती, कारण कोणी विचारलं नव्हतं.

## सकाळ

चारचे सव्वापाच झाले. पद्मावती माचीवर पोहोचायला पावणेआठ, तिथे नाश्ता, फोटो, संजीवनीवर पुन्हा फोटो. आळू दरवाजातून उतरायला सव्वानऊ. डांबरी रस्ता गाठला तेव्हा साडेअकरा वाजले होते. पुण्यात त्या दिवशी पारा ३९ च्या घरात होता. धारेवर हवा थोडी कमी गरम, पण खालचा कातळ तापलेला आणि वारा पडलेला.

## पहिला निर्णय: डांबरी रस्ता

मुलगा रस्त्यावर आला तोच लंगडत. दोन्ही पोटऱ्यांत गोळे, डोकं ठणकतंय, जीभ टाळूला चिकटलेली. सकाळपासून एकदाच लघवीला गेला होता, तीही गडद पिवळी. त्याच्याकडचं दीड लिटर कधीच संपलेलं. लीडरने त्याला सावलीत आडवं केलं, बूट काढले, ओआरएसचं एक पाकीट पूर्ण एक लिटर पाण्यात कालवून घोटाघोटाने दिलं, वर मीठ लावलेली काकडी. पाकीट पूर्ण लिटरमध्ये कालवलं हे मुद्दाम नोंदवतो. लिटरचं पाकीट अर्ध्या लिटरच्या बाटलीत ओतणारे मी भरपूर पाहिले आहेत, आणि तसं दाट पाणी प्यायलं की तहान वाढते, पोट ढवळतं. पाऊण तासात मुलगा उठून बसला, हसायला लागला. त्याचं ओझं चौघांत वाटलं गेलं.

त्याच पाऊण तासात ताई एका दगडावर बसून होत्या. डोकं जड झालं होतं, काही खावंसं वाटत नव्हतं. लीडर जाता जाता म्हणाला, "ताई, पाणी कमी पडलंय. पीत राहा."

"पितेच आहे की रे सारखी," ताई म्हणाल्या.

हे वाक्य लीडरला आठवतं. तेव्हा त्याने त्याचा अर्थ 'काळजी करू नकोस' असा घेतला. ताईंनी मात्र सांगितल्याप्रमाणे जारमधलं दोन ग्लास पाणी आणि अर्धा लिटर ओआरएस घेतलं, बॅग पुन्हा तीन लिटर भरली आणि गजर चालू ठेवला.

आता पर्याय काय होते? सगळ्यांनी इथेच ट्रेक संपवून जीपने वेल्हे गाठणं. दोघांना जीपने पाठवून बाकीच्यांनी पुढे जाणं. ऊन उतरेपर्यंत चारपर्यंत थांबणं; त्यात तोरण्यावरून अंधारात उतरावं लागलं असतं, म्हणून तो लगेच बाद झाला. आणि चौथा, सगळ्यांनी पुढे जाणं.

लीडरने चौथा निवडला. मुलगा सावरला होता, मंडळी मुंबईहून आली होती, आणि 'माझ्यामुळे कोणाचं अडायला नको' असं ताई दोनदा म्हणाल्या होत्या. जीपवाल्याने विचारलं, "थांबू का साहेब?" लीडर म्हणाला, "नको, वेल्ह्यात जाऊन जेवून घ्या तुम्ही."

माझ्या मते दिवसातला सर्वांत महाग निर्णय हाच. पुढे जाण्याचं एक वेळ समर्थन करता येईल, जीप सोडण्याचं नाही. वेळापत्रक दीड तास मागे, एक जण नुकताच आडवा होऊन उठलेला, आणि परतीचं एकमेव चाक आपण स्वतः लांब पाठवतोय. ते तासभर तिथे उभं राहिलं असतं तर फार तर तासाभराचं भाडं वाढलं असतं.

## दुसरा निर्णय: बुधल्याखालचा झाडोरा

सव्वाच्या सुमारास, बुधल्याकडच्या चढात, ताईंना उलटी झाली. नुसतं पाणी. बसल्या, पुन्हा उलटी. बॅगेची छातीवरची क्लिप लावायचा प्रयत्न करत होत्या आणि ती लागत नव्हती. दोन्ही टोकं हातात धरून त्या नुसत्याच बघत राहिल्या. कोणत्या गडावर चाललोय या प्रश्नाचं उत्तर बरोबर आलं, पण उशिरा आणि ओढत.

लीडरचा निष्कर्ष तोच, फक्त आता घाईचा: ऊन लागलंय, पाणी द्या. त्याने ओआरएसची बाटली पुढे केली. बॅकलीड असलेल्या मुलीने ती अडवली. ती आयसीयूत परिचारिका आहे. असं कोणी प्रत्येक गटात नसतं, पण तिने जे विचारलं ते विचारायला आयसीयू लागत नाही.

सकाळपासून किती प्यायलात? बॅग रिकामी झाली, पुन्हा भरली, त्यातलंही बरंच संपलं, शिवाय रस्त्यावरचं. बेरीज सहा लिटरच्या आसपास आली. तहान लागली आहे का? नाही, पाण्याचा वाससुद्धा नको झालाय. लघवीला कधी गेलात? पद्मावती माचीवर, म्हणजे पाच तासांपूर्वी. काही खाल्लंत? पोहे, दोन संत्री, ग्लुकोजची पावडर. गोळी काही घेतलीत? तेव्हा आयब्युप्रोफेन बाहेर आली. मग तिने ताईंचा हात हातात घेतला. अंगठी बोटात रुतली होती, घड्याळाचा पट्टा मनगटात वळ उमटवत होता. तोंड ओलं होतं. ज्याच्या अंगात पाण्याचा खडखडाट आहे त्याची बोटं सहसा अशी सुजत नाहीत.

तिचा अंदाज: पाणी जास्त झालंय, रक्तातलं सोडियम खाली गेलंय. डॉक्टरी भाषेत हायपोनेट्रेमिया. पण उन्हात माणूस असंबद्ध होतो तेव्हा उष्माघातही डोक्यात ठेवावाच लागतो. शरीराच्या आतलं तापमान ४० अंशांच्या वर आणि मेंदूवर परिणाम, ही त्याची खूण. आतलं तापमान मोजायची सोय डोंगरात नसते आणि काखेत धरलेल्या थर्मामीटरवर भरवसा ठेवता येत नाही. ताईंना घाम येत होता, मान फारशी तापलेली नव्हती, तरी एवढ्यावर उष्माघात बाद करता आला नसता. मग दोन्ही शक्यतांना चालेल असंच करायचं ठरलं. सावलीत बसवलं, ओढण्या भिजवून मानेवर-काखेत ठेवल्या, टोप्यांनी वारा घातला. तिच्या शब्दांत, "पाणी अंगावर, पोटात नाही." प्यायला बंद. गिळता येतंय याची खात्री करून खारे शेंगदाणे आणि लिंबाचं लोणचं थोडं थोडं चाटवलं.

ओआरएस का नको, हा लीडरचा प्रश्न रास्त होता. ओआरएस हे जुलाबासाठी उत्तम आणि घाम गेलेल्यासाठीही चांगलं. जागतिक आरोग्य संघटनेच्या सूत्राप्रमाणे त्यात लिटरमागे २.६ ग्रॅम मीठ असतं आणि सायट्रेट धरून सोडियम ७५ मिलिमोल. रक्तात मात्र ते १३५ ते १४५ असतं. म्हणजे ज्याचं रक्त आधीच पातळ झालंय, त्याला ओआरएस हे आणखी पातळ पाणीच ठरतं.

## खाली आणायचं कसं

पुढे जायचं तर अजून चढ, शिडीजवळचा टप्पा, गडावरून मग वेल्ह्याचा लांब उतार. मागे जायचं तर उतरत तासा-सव्वा तासाचा रस्ता. तिसरा पर्याय जागीच थांबून मदत बोलावण्याचा. ताई आधार देऊन चालू शकत होत्या, आणि स्ट्रेचर घेऊन माणसं वर येईपर्यंत त्या चालण्याच्या स्थितीत राहतील याची खात्री नव्हती. मागे फिरायचं ठरलं. इथे कोणी घोळ घातला नाही.

धारेवर रेंज मिळाली. जीपवाल्याला फोन झाला, १०८ लाही. चार जण ताईंबरोबर खाली निघाले: लीडर, बॅकलीड आणि धरायला दोघे. दर दहा मिनिटांनी थांबून नाव, वार, ठिकाण विचारायचं आणि वेळेसह कागदावर लिहायचं. तो कागद पुढे फार उपयोगी पडला. उरलेले नऊ जण सहलीडरबरोबर तोरण्याकडे गेले, आणि सावरलेला मुलगा त्यांच्यात होता.

पावणेतीनला रस्ता. जीप आधीच उभी होती. पायथ्याजवळच्या सरकारी रुग्णालयातल्या डॉक्टरांनी पाहताक्षणी ऊन लागल्याचीच शंका घेतली आणि सलाइनची तयारी सुरू केली, जे एप्रिलमधल्या शंभरातल्या बहुतेक पेशंटसाठी बरोबरच असतं. बॅकलीडने कागद पुढे केला: सहा लिटर पाणी, लघवी नाही, अंगठी घट्ट, आयब्युप्रोफेन. डॉक्टर थांबले. सलाइनची बाटली लावली नाही, फक्त शिरेत सुई बसवून ठेवली आणि अँब्युलन्सने पुण्याला धाडलं.

## निष्पत्ती

पुण्यात सोडियम १२२ आलं. तीन टक्क्यांचं सलाइन, म्हणजे नेहमीच्या ०.९ टक्क्यांच्या तिपटीहून खारट, १०० मिलिलिटरच्या मात्रेत देखरेखीखाली दिलं गेलं. संध्याकाळी सातनंतर भरपूर लघवी झाली, रात्रीपर्यंत बोलणं सरळ झालं, तिसऱ्या दिवशी घरी. मागे काही राहिलं नाही.

हिशेब साधारण असा लागतो. ५० किलोच्या बाईच्या शरीरात पंचवीसेक लिटर पाणी असतं. संथ चालीने त्यांचा घाम तासाला ४०० मिलिलिटरच्या आसपास धरला तर आठ तासांत तीन लिटरच्या थोडं वर. पोटात गेलं सहा लिटर, लघवी नगण्य. अडीच लिटरहून जास्त पाणी अंगात अडकलं, आणि घामातून मीठ गेलं ते पुरेसं भरून आलं नाही, कारण संत्री आणि ग्लुकोज पावडर यांत ते नावालाही नसतं. एरवी निरोगी मूत्रपिंड एवढं पाणी सहज बाहेर टाकतात. पण दीर्घ श्रमात, मळमळीत, वेदनेत शरीर पाणी धरून ठेवणारं संप्रेरक सोडत राहतं, आणि आयब्युप्रोफेनसारखी गोळी त्यात भर घालते. लघवी होत नाही म्हणून माणूस समजतो पाणी कमी पडलं, आणि आणखी पितो.

मुलाचा हिशेब बरोबर उलटा. ओझं घेऊन जोरात चालणारा, तासाला लिटरभर घाम गाळणारा. सहा तासांत पाच लिटरच्या वर गेलं आणि आलं दीड. 'दर पंधरा मिनिटांनी दोन-चार घोट' हे त्याला पुरलं नसतं आणि ताईंना जास्त झालं.

हा प्रकार जगात नवा नाही. २००२ च्या बॉस्टन मॅरेथॉनमध्ये ४८८ धावपटूंचं रक्त तपासलं तेव्हा १३ टक्क्यांचं सोडियम कमी निघालं होतं, आणि त्यांतले बरेच धावताना वजन वाढलेले होते. अमेरिकेत ग्रँड कॅन्यनमध्ये उतरणाऱ्या हायकर्समध्येही तो ओळखीचा आहे. आपल्याकडे त्याचं नाव कमी ऐकू येतं ते सगळ्यालाच 'ऊन लागलं' म्हणायची सवय असल्यामुळे, असा माझा समज आहे.

## काय वेगळं करता आलं असतं

सूचनेतच दोन वेगळ्या गोष्टी एकत्र झाल्या होत्या: पाठीवर किती न्यायचं आणि पोटात किती घालायचं. न्यायचं ते चार लिटरच. सह्याद्रीत उन्हाळ्यात अडचण होते ती बहुतेक वेळा पाणी संपल्यानेच, आणि हे वाचून कोणी एक बाटली कमी भरणार असेल तर त्याने हे वाचलंच नाही असं मी धरेन. प्यायचं मात्र तहानेप्रमाणे. गजर लावून नाही, आणि मुलासारखं तहान दाबूनही नाही. चालण्याच्या धुंदीत तहान कळत नाही हे काही तरुणांच्या बाबतीत खरं आहे. त्यांच्यासाठी थांब्यावर लीडरने बाटली बघावी.

मीठ खाण्यातून यायला हवं. ठेपले, लोणचं, खारे शेंगदाणे, चिवडा, मीठ घातलेलं ताक. फळं आणि चिक्कीवर दिवस काढणाऱ्यांची संख्या ट्रेकवर बरीच असते. टेट्रापॅकमधलं फळांच्या चवीचं गोड पेय ओआरएस समजून आणणारे तर फारच; २०२५ च्या ऑक्टोबरमध्ये अन्नसुरक्षा प्राधिकरणाने अशा पेयांच्या नावात 'ओआरएस' लिहायला मनाई केली ती उगीच नाही.

रस्त्यावरच्या थांब्यात दोघांना तेच तीन प्रश्न विचारले असते (किती प्यायलात, तहान आहे का, लघवीला कधी गेलात) तर साडेअकरालाच फरक कळला असता, जीप समोर उभी असताना. निघताना कोण कसली गोळी घेतंय हेही विचारायला हवं होतं. बायका चारचौघांत लघवीबद्दल बोलत नाहीत आणि आडोशाला जायला लागू नये म्हणून पाणी टाळतात, हा याच प्रश्नाचा दुसरा भाग; या गटात प्रश्न विचारणारी बाई होती म्हणून उत्तर मिळालं.

गट फोडण्यावर माझं आणि लीडरचं एकमत झालेलं नाही. त्याचं म्हणणं, नऊ जणांना मागे आणून सव्वा तास उन्हात पुन्हा चालवण्यापेक्षा गडावरचं पाणी जवळ होतं आणि सहलीडर वाट जाणत होता. माझं म्हणणं, ज्या मुलाने दोन तासांपूर्वी पाच टक्क्यांच्या आसपास वजन घामात घालवलं होतं त्याला चढावर पाठवण्यापेक्षा जीपकडे आणायला हवं होतं. मुलाला तोरण्यावर पुन्हा गोळे आले, तो सातला वेल्ह्यात उतरला.

त्या ग्रुपने पुढच्या वर्षीपासून हा ट्रेक फेब्रुवारीनंतर न ठेवण्याचं ठरवलं आहे. साडेदहाच्या आत डांबरी रस्ता आला नाही तर ट्रेक तिथेच संपेल, आणि शेवटचा माणूस बुधल्यावर पोहोचल्याचा फोन येईपर्यंत जीप हलणार नाही, हे आता भाड्याच्या बोलणीतच ठरतं.